चित्रण एकीकडे, यादी दुसरीकडे

नाशिकच्या तांबट आळीत आमच्या आठवीच्या मुलांनी एका वयस्कर कारागिराचे काम मोबाइलवर टिपले. तांब्याच्या पत्र्याला ठोके देत हंडा कसा घडतो, याचे जवळजवळ दोन तासांचे चित्रण होते. मेमरी कार्ड एका शिक्षकाच्या संगणकाला लावून संकलन सुरू झाले. पुढचे काम शाळेच्या संगणकावर करायचे ठरले आणि तेथे संकलनाचे सॉफ्टवेअर दुसरेच होते. एका विद्यार्थिनीने प्रकल्प पेनड्राइव्हवर घेतला आणि 'आता सगळे यात आले' असे समजून पुढच्या चित्रणासाठी कार्ड रिकामे केले. शाळेत फाइल उघडली तेव्हा पडद्यावर फक्त लाल पट्टे दिसले. काही तुकडे मुलांनी एकमेकांना पाठवलेले होते म्हणून मिळाले. हंड्याचा गळा वळवण्याचे दृश्य मात्र गेले, आणि तोवर कारागिराने काम थांबवले होते.

मुलीला बोल लावण्यात अर्थ नव्हता. प्रकल्पात चित्रण नसतेच, हे आम्हीच तिला कधी सांगितले नव्हते.

मग त्या फाइलमध्ये असते काय? एक यादी. अमुक नावाच्या फाइलमधील या क्षणापासून त्या क्षणापर्यंतचा तुकडा घ्या, तो चित्रपटात येथे ठेवा, पुढच्याशी असा जोडा. दोन तासांच्या चित्रणाला कित्येक गिगाबाइट जागा लागते. आमची फाइल काही शे किलोबाइटची होती. तेवढ्यावरूनच शंका यायला हवी होती.

दादासाहेब फाळक्यांना ही अडचण आली नसती. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत दाखवल्यानंतर त्यांनी आपले काम नाशिकला हलवले. त्या काळी संकलन म्हणजे प्रत्यक्ष फिल्म कात्रीने कापून चिकटवणे. रीळ उचलले की चित्रण आणि निर्णय दोन्ही बरोबर जात. संगणकाने ही दोन्ही वेगळी केली. मूळ चित्रणाला धक्का न लावता हवे तितके बदल करता येतात, हा मोठाच लाभ. पण यादी आणि चित्रण यांची ताटातूट होऊ शकते, ही त्याची किंमत.

एका सॉफ्टवेअरची यादी दुसऱ्याला वाचता यावी म्हणून काही सामायिक लिप्या आहेत. सर्वांत साधी ईडीएल. ती व्हिडिओ टेपच्या काळातली. तिच्या प्रत्येक ओळीत अनुक्रमांक, रिळाचे नाव, जोडाचा प्रकार आणि चार वेळा असतात: मूळ चित्रणातील आरंभ व शेवट, तयार चित्रपटातील आरंभ व शेवट. एक्सएमएल आणि एएएफ या लिप्यांत अनेक पट्ट्या, आवाजाची पातळी वगैरे अधिक तपशील मावतो. पिक्सारने सुरू केलेली ओपनटाइमलाइनआयओ ही अलीकडची, सर्वांना खुली असलेली लिपी.

या वेळा तास, मिनिटे, सेकंद आणि फ्रेम अशा लिहितात. आमची दुसरी चूक येथेच झाली. प्रकल्प सेकंदाला २५ फ्रेमचा होता, शाळेच्या सॉफ्टवेअरने तो ३० चा मानला. ००:०१:१२:१० ही वेळ घ्या. २५ च्या हिशोबाने ७२ × २५ + १०, म्हणजे १८१० वी फ्रेम. तीच १८१० वी फ्रेम ३० च्या हिशोबात ००:०१:००:१० वर येते. सव्वा मिनिटात बारा सेकंदांचा फरक! हातोडा पडताना दिसतो आणि ठोका ऐकू येतो भलत्याच वेळी. जुन्या मूकपटांतली माणसे तुरुतुरु धावतात ना, त्याचेही कारण हेच. हाताने दांडी फिरवून सेकंदाला साधारण १६ फ्रेमच्या आसपास घेतलेले चित्रण २४ च्या वेगाने दाखवले जाते. (मोबाइलचा वेग तर पुष्कळदा चित्रणादरम्यानच कमी-जास्त होतो. असे चित्रण आधीच एका स्थिर वेगात रूपांतरित करून घ्यावे.)

साधे काप आणि तुकड्यांचा क्रम सहसा सुखरूप पोहोचतात. रंगांची दुरुस्ती, विशेष परिणाम आणि शीर्षके बहुधा वाटेत गळतात, कारण प्रत्येक सॉफ्टवेअर ती आपल्या पद्धतीने घडवते. देवनागरी शीर्षकांची तर हमखास दुर्दशा होते. दुसऱ्या संगणकावर तो टंक नसला की अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये 'क्षणचित्रे'तली जोडाक्षरे फुटून वेलांटी भलत्या बाजूला जाते. म्हणून शीर्षकांचा मजकूर आम्ही वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि ती नव्याने करतो.

आता प्रकल्प हलवण्यापूर्वी मुले सगळे मूळ चित्रण, आवाज व छायाचित्रे एकाच फोल्डरमध्ये गोळा करतात. फाइलींची नावे एकदा ठेवली की बदलायची नाहीत, कारण यादी नावावरूनच शोध घेते. सोबत तोवर झालेल्या संकलनाची एक सलग चित्रफीतही काढून घेतात. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती खालच्या पट्टीवर आणि आयात केलेली यादी वरच्या पट्टीवर ठेवली, की काप कोठे सरकला ते लगेच दिसते. हे तपासण्याचे काम त्याच विद्यार्थिनीने मागून घेतले आहे. तिचा शेरा मिळेपर्यंत कार्ड कपाटात राहते.