थंडी आणि आंब्याचा मोहोर

थंडी पडण्यास विलंब झाला की कोकणातील आंबा बागायतदारांची चिंता वाढते, कारण हापूसचा मोहोर बहुतांशी थंडीवर अवलंबून असतो. फांदीच्या शेंड्यावरील एकाच कळीतून पालवी किंवा मोहोर, यांपैकी काहीही फुटू शकते. पावसाळ्यानंतर पाने जून झाली आणि रात्रीचे तापमान काही आठवडे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले, तर पानांत फुलोऱ्यास चालना देणारे द्रव्य तयार होऊन शेंड्याकडे जाते व मोहोर फुटतो. हवा उबदार राहिल्यास त्याच शेंड्याला पालवी येते.

मात्र थंडी जितकी अधिक तितके आंबे अधिक, असे नव्हे. कडाक्याच्या थंडीत मोहोरातील नर फुलांचे प्रमाण वाढते. फळ तर केवळ द्विलिंगी फुलांनाच धरते. थंडी रेंगाळल्यास फळे धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर येतो. हा नवा मोहोर अन्नद्रव्ये ओढून घेतो आणि वाटाणा किंवा गोटीएवढी झालेली फळे गळून पडतात. बागायतदाराला खरा फटका बसतो तो येथेच. हा पुनर्मोहोर रोखण्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जिब्रेलिक आम्लाच्या फवारणीची शिफारस केली आहे.