दुसरी आली, तोच हंगाम मोठा

अमेरिकेतल्या एनबीएमध्ये एक संघ नियमित हंगामात ८२ सामने खेळतो. बास्केटबॉलपटूचा हंगाम कसा गेला, हे म्हणून चटकन कळतं. गुण, रिबाउंड, असिस्ट यांची सरासरी पाहिली की झालं. एखादा सामना वाया गेला तरी परवा दुसरा असतोच. मॅरेथॉनपटूला ही सोय नाही. ४२.१९५ किलोमीटर जीव तोडून धावल्यावर शरीर सावरायला आठवडे लागतात. वर्षाला अशा दोन-तीन शर्यती झाल्या तरी पुष्कळ.

परभणीच्या ज्योती गवतेचे मुंबई मॅरेथॉनमधले निकाल या हिशेबाने वाचायला हवेत. २०१७ मध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली. वेळ २ तास ५० मिनिटं ५३ सेकंद. दुसरी आलेली श्यामली सिंग जवळपास अठरा मिनिटं मागे. पुढची तिन्ही वर्षं ज्योती दुसरी, आणि तिन्ही वेळा पुढे सुधा सिंग. २०१० च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलेली. निकालपत्रात परभणीकरीण एक पायरी खाली उतरली. घड्याळ मात्र उलटं सांगतं. २०१८ ला २:५०:४७, २०१९ ला २:४५:४८, २०२० ला २:४९:१४. हरली त्या प्रत्येक वर्षी ती जिंकलेल्या वर्षापेक्षा लवकर पोचली!

यातलं २०१९ वेगळं काढावं लागेल. २०१७ पेक्षा पाच मिनिटं पाच सेकंद कमी, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे सात सेकंद. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा आटत येतो, पाय जड होतात आणि आधी दाखवलेली घाई तिथे व्याजासकट वसूल होते. मुंबईत परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढही वाट पाहत असतो. त्यात हवेचा फरक. परभणीत थंडीत पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो, हवा कोरडी. मुंबईत जानेवारीतही दमट. घाम सुकत नाही, अंग तापत राहतं.

त्या दिवशी सुधाने २:३४:५६ अशी वेळ दिली, ज्योतीच्या जवळपास अकरा मिनिटं आधी. तिसरी आलेली जिग्मेट डोल्मा ज्योतीच्या पंचवीस मिनिटं मागे. भारतीय गटात पाठलाग करायला कुणी टप्प्यात नाही, मागून कुणाची धास्ती नाही. २०१७ लाही ती अशीच एकटी होती, पण तेव्हा जिंकायला तेवढा वेग पुरला. २०१९ ला जिंकणं हातून गेलेलं असतानाही किलोमीटरमागे ३ मिनिटं ५६ सेकंदांची सरासरी तिने राखली. माझ्या लेखी या चार वर्षांतला तिचा सर्वोत्तम हंगाम हाच, चषक सुधाकडे गेला असला तरी.

येत्या जानेवारीत मॅरेथॉनचा निकाल वाचाल तेव्हा क्रमांकावर थांबू नका, पुढचा वेळेचा रकानाही बघा.