क्रिएटिन पूरक: शरीरातील कार्य, फायदे आणि सुरक्षितता

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद किंवा गुरुग्राम येथील कॉलेजच्या होस्टेलमध्ये आता व्हे प्रोटीनच्या मोठ्या डब्याशेजारी क्रिएटिनचा लहान डबाही दिसू लागला आहे. त्याच होस्टेलमध्ये "याने किडनी खराब होते" असे ठामपणे सांगणारेही भेटतात. एकाचे पैसे जातात, दुसऱ्याला विनाकारण भीती वाटते आणि एखाद्याचा खरा आजार नजरेआड राहतो. म्हणून या पाठात आपण क्रिएटिन म्हणजे काय, ते काय करते, रक्ततपासणीत गोंधळ का होतो आणि डबा विकत घेताना काय पाहावे, हे क्रमाने समजून घेऊ.

१. क्रिएटिन म्हणजे काय?

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांनी १८३२ मध्ये मांसातून हा पदार्थ वेगळा केला आणि 'मांस' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. क्रिएटिन हे स्टेरॉइड नाही, हार्मोनही नाही. आपले शरीर ते आर्जिनिन, ग्लायसिन आणि मेथिओनिन या तीन अमिनो आम्लांपासून बनवते. पहिली पायरी मुख्यतः मूत्रपिंडात आणि दुसरी यकृतात होते. तेथून ते रक्तामार्गे स्नायूंत पोहोचते. शरीरातील सुमारे ९५ टक्के क्रिएटिन स्नायूंतच असते.

आहारातून ते मांस व मासे यांतून मिळते. एक किलो कच्च्या मांसात साधारण ३ ते ५ ग्रॅम. दुधात ते अगदी थोडे असते आणि डाळी-भाज्यांत जवळजवळ नसतेच. त्यामुळे शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंत साठा सरासरीने कमी आढळतो. हा आजार नव्हे. मात्र पूरक घेतल्यावर अशा व्यक्तींच्या साठ्यात वाढ अधिक दिसते.

२. स्नायूत ते काय करते?

स्नायूचे आकुंचन एटीपीवर चालते. स्नायूत तयार असलेले एटीपी पूर्ण ताकदीच्या कामात काही सेकंदच पुरेल इतके असते. येथे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना ओळखीचे उदाहरण घेऊ. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंत लोड यूपीएस सांभाळतो. स्नायूत फॉस्फोक्रिएटिन हे यूपीएसचे काम करते. ते आपला फॉस्फेट गट एडीपीला देते आणि एटीपी पुन्हा तयार होते. साखर व मेद जाळणाऱ्या प्रक्रिया म्हणजे जनरेटर: त्या वेग घ्यायला वेळ लावतात, पण दीर्घकाळ चालतात. म्हणून क्रिएटिनचा उपयोग छोट्या, जोरदार आणि पुनःपुन्हा करायच्या कामांत दिसतो. मॅरेथॉनमध्ये फारसा नाही.

३. रोजचा जमाखर्च

उदाहरण १: ७० किलो वजनाच्या तरुणाच्या शरीरात सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असते. त्यातील रोज साधारण १.७ टक्के भागाचे क्रिएटिनिनमध्ये रूपांतर होऊन ते लघवीतून बाहेर पडते.
रोजची घट = १२० × ०.०१७ = सुमारे २ ग्रॅम.

मिश्र आहार घेणाऱ्यांत ही घट साधारण अर्धी आहारातून व अर्धी शरीराच्या स्वतःच्या निर्मितीतून भरून निघते. 'क्रिएटिन' आणि 'क्रिएटिनिन' हे दोन वेगळे पदार्थ आहेत, हे येथेच पक्के लक्षात ठेवा. मुद्दा ५ त्यावरच उभा आहे.

४. फायदे आणि मात्रा

१९९२ मध्ये हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तोंडावाटे घेतलेल्या क्रिएटिनमुळे स्नायूंतील साठा वाढतो हे दाखवले. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतून पुढील चित्र दिसते.

अ) वजन उचलण्याच्या व्यायामासोबत घेतल्यास ताकद व स्नायूभार यांत माफक अधिक वाढ होते. व्यायामाशिवाय अपेक्षा ठेवू नये.
आ) वयस्क व्यक्तींनाही व्यायामासोबत लाभ दिसतो.
इ) स्मरणशक्ती व झोपेच्या अभावातील मेंदूचे काम यांवर संशोधन चालू आहे, परीक्षेच्या तयारीसाठी ते घ्यावे इतका भक्कम पुरावा नाही.

सर्वाधिक अभ्यासलेला प्रकार क्रिएटिन मोनोहायड्रेट हाच आहे. नेहमीची मात्रा रोज ३ ते ५ ग्रॅम. काही जण पहिले ५ ते ७ दिवस रोज २० ग्रॅम घेतात. पण रोज ३ ग्रॅम घेतल्यास सुमारे २८ दिवसांत साठा जवळपास त्याच पातळीला येतो. म्हणजे मोठ्या मात्रेने फक्त वेळ वाचतो, आणि पोट बिघडण्याची शक्यता वाढते. पहिल्या आठवड्यात वाढलेले एक-दोन किलो वजन बहुतांशी पाण्याचे असते.

५. मूत्रपिंडाचा प्रश्न

निरोगी व्यक्तींत नेहमीच्या मात्रेने मूत्रपिंडाला इजा होते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. मग भीती कोठून आली? लॅब रक्तातील क्रिएटिनिन मोजते आणि त्यावरून मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज सूत्राने काढते. सूत्राचे गृहीतक असे की क्रिएटिनिन वाढले म्हणजे गाळणे कमी झाले. पूरक घेणाऱ्याच्या शरीरात मात्र क्रिएटिनिन तयारच जास्त होऊ शकते.

उदाहरण २: समजा, २० वर्षांच्या मुलाचे क्रिएटिनिन १.० होते आणि पूरक सुरू केल्यावर ते १.२ झाले. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने गाळण्याचा अंदाज सुमारे ११० वरून ८९ वर येतो. मूत्रपिंड तेच, गाळणे तेवढेच. फक्त सूत्रात गेलेला आकडा बदलला.

आता याची दुसरी बाजू पाहा. "हे पावडरमुळेच आहे" असे स्वतःच ठरवून रिपोर्ट बाजूला ठेवणे घातक आहे, कारण मूत्रपिंडाचा आजार सुरुवातीला बहुधा त्रास देत नाही. पूरक घेत असल्याचे डॉक्टरांना सांगा. त्यांच्या सल्ल्याने पावडर बंद करून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी, लघवीतील अल्ब्युमिन आणि सिस्टॅटिन-सी यांवरून खरे कारण कळू शकते. घरच्यांना सांगायला संकोच वाटला तरी डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवू नका.

६. कोणी टाळावे?

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, गर्भवती व स्तनदा मातांनी, १८ वर्षांखालील मुलांनी आणि मूत्रपिंडावर ताण आणणारी औषधे नियमित घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असल्यास आधी तपासणी करावी. दिल्लीच्या मे-जूनच्या उन्हात व्यायाम करणाऱ्यांनी पाणी पुरेसे प्यावे. हे क्रिएटिन न घेणाऱ्यांनाही लागू आहे.

७. डब्यात खरोखर काय आहे?

बहुतेक वेळा खरा धोका क्रिएटिनचा नसून भेसळीचा असतो. भारतात अशी पूरके औषध म्हणून नव्हे, तर अन्न म्हणून विकली जातात. त्यांचे नियमन २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली एफएसएसएआय करते. तिचे मुख्यालय दिल्लीत कोटला रोडवर आहे. लेबलवर १४ अंकी परवाना क्रमांक, घटक, मात्रा, बॅच क्रमांक आणि 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचना पाहा. परवाना क्रमांक एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर तपासता येतो. पण परवाना म्हणजे त्या बॅचची तपासणी झाली, असा अर्थ नाही. सुटे पावडर आणि जिममध्ये बिलाशिवाय मिळणारा डबा टाळा.

स्पर्धेत खेळणाऱ्यांसाठी विशेष सूचना: क्रिएटिन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत नाही. परंतु डब्यात स्टेरॉइडची भेसळ असेल आणि ते नमुन्यात सापडले, तर जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. "मला माहीत नव्हते" एवढे म्हणून सुटका होत नाही. प्रत्येक बॅचची स्वतंत्र तपासणी झालेलेच उत्पादन निवडल्यास हा धोका कमी होतो, शून्य होत नाही.

सारांश

निरोगी प्रौढाने योग्य मात्रेत, व्यायामासोबत घेतलेले शुद्ध क्रिएटिन मोनोहायड्रेट सुरक्षित व माफक उपयोगी आहे. ते आवश्यक मात्र नाही. मेसच्या जेवणात डाळ, दूध, अंडी कमी पडत असतील आणि झोप पाच तासांची असेल, तर पैसे आधी तिकडे खर्च करणे शहाणपणाचे.

स्वाध्याय

१. क्रिएटिन मोनोहायड्रेटचा रेणुभार १४९.१ आणि क्रिएटिनचा १३१.१ आहे. ५ ग्रॅम मोनोहायड्रेटमध्ये क्रिएटिन किती? (उत्तर: सुमारे ४.४ ग्रॅम)
२. १०० मीटर धावणे आणि १० किलोमीटर धावणे यांपैकी कशात क्रिएटिनचा उपयोग अधिक होईल? कारण द्या.
३. क्रिएटिनिन वाढले पण सिस्टॅटिन-सी व लघवीतील अल्ब्युमिन सामान्य आहेत. यावरून काय अनुमान निघते, आणि पुढे कोणाला विचाराल?