मिरची, मार्च-एंड आणि खाज

उन्हाळा आला की आपल्यापैकी अनेकांच्या घरी मलकपेठच्या गंजातून वाळलेल्या मिरच्या येतात. देठं काढता काढता हातांची आग होते, कातडी लाल होते. हाताला चटका बसलेला नसतो, जखमही नसते. मग ही लाली येते कुठून?

त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर एक दार असतं. साधारण ४३ अंशांच्या वर उष्णता गेली की ते उघडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं तेच दार उघडतं, म्हणून आपल्याला 'आग' वाटते. हे दार शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेलचे एक मानकरी आहेत.

पण हे तंतू मेंदूला नुसता निरोप देऊन थांबत नाहीत. बँकेची शाखा हेड ऑफिसला कळवते, पण आपल्या अधिकारातली रक्कम तिथल्या तिथे मंजूरही करते. तसंच इथे आहे. तंतूंची टोकं जागेवरच न्यूरोपेप्टाइड नावाची रसायनं सोडतात. त्यांतलं 'सबस्टन्स पी' १९३१ मध्ये सापडलं. त्याने सूज येते आणि मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. 'सीजीआरपी' रक्तवाहिन्या रुंद करतं, म्हणून लाली येते. प्रतिकारशक्तीच्या पेशीही तिकडे वळतात. जखम झाली तर हीच धावपळ उपयोगी पडते. शिवाय काही न्यूरोपेप्टाइड दाह आवरण्याचंही काम करतात. हा जमाखर्च बिघडला की मात्र त्रास.

माझ्या कोपरांवर बरीच वर्षं सोरायसिस आहे. नोकरीत मार्च-एंडची धावपळ सुरू झाली की चट्टे हमखास वाढायचे. "मनाचे खेळ आहेत," असं ऐकून मी गप्प बसायचो. आता कळतं की ताण आणि त्वचा यांच्यामध्ये खरोखरच तारा जोडलेल्या आहेत. चट्ट्याच्या भागातला मज्जातंतू काही कारणाने निकामी झाला आणि तिथला चट्टा मावळला, अशा रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी केलेल्या आहेत. अर्थात सोरायसिसचं मूळ प्रतिकारशक्तीच्या बिघाडात आहे. ताण त्यात तेल ओततो, इतकंच.

म्हणून चार गोष्टी सांगतो. खाजवल्याने तंतू आणखी चेततात आणि खाज वाढते. मिरचीची आग नुसत्या पाण्याने जात नाही. आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा. खाजेने झोप उडत असेल तर घरगुती उपायांत महिने न घालवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि घरातला किंवा कामाचा ताणही त्यांना मोकळेपणाने सांगा.

चौथी गोष्ट माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाची. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. एका संक्रांतीला माझ्या हातून तिळगूळ घेताना एका परिचितांनी हात मागे घेतला होता. त्यांचा राग नाही, माहिती नव्हती. आता आपल्याला आहे. पुढच्या संक्रांतीला तसं कोणाच्या वाट्याला येऊ नये.