भिंत, जमीन आणि आई-बाबांचे डोळे

अमेरिकेत घर घेतलं की रंगांचा घोळ सुरू होतो. गावाकडे शहाबादी फरशी नि पांढरा चुना, विषय संपला! इथे अनेक घरांत ओक लाकडाची तांबूस जमीन असते आणि भिंतींसाठी शेकडो शेड्स.

निवडताना एक आकडा कामी येतो, 'एलआरव्ही'. रंग किती प्रकाश परावर्तित करतो, ते तो ० ते १०० मध्ये सांगतो. काळा शून्याजवळ, पांढरा शंभराजवळ.

राखाडी जमीन, राखाडी भिंत ही फॅशन मध्यंतरी खूप चालली. फोटोत छानच दिसते. पण आई-बाबा सहा महिने राहायला येणार असतील तर जरा जपून. वय वाढलं, मोतीबिंदू झाला की जवळच्या छटा वेगळ्या कळत नाहीत. जमीन कुठे संपली ते उमगत नाही. ज्येष्ठांना, अधू दृष्टीच्या लोकांना सोयीच्या इमारतींसाठी ब्रिटनमध्ये जे मानक आहे, ते जमीन नि भिंत यांत ३० अंकांचा फरक सुचवतं.

आम्ही त्यांच्या खोलीत ओक तसाच ठेवला, भिंतींना उबदार ऑफ-व्हाइट दिला. उत्तरेकडच्या खोलीत हिवाळ्यात ऊन येत नाही, तिथे निळसर राखाडी आणखी गार वाटतो.

बाथरूममध्ये पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड शक्यतो नकोच. आणि शेड ठरवण्याआधी मोठा पुठ्ठा रंगवून जमिनीलगत उभा करा. दिवसा बघा, रात्री दिव्यातही बघा. पाणी प्यायला बाबा रात्रीच उठतात.