चार किल्ले आणि एक फितूर

पूर्णगडासारख्या लहान बंदरांतही आज मासळीचे पैसे फोनवरून खात्यांत जमा होतात. ही जमा एकाच संगणकांत नोंदविली, तर तो बंद पडतांच हिशेब बुडावयाचा. म्हणून तिच्या प्रती अनेक संगणकांत ठेवतात. त्या प्रतींत मतभेद झाला तर खरें कोणाचें मानावें?

एखादें यंत्र नुसतें मुकें झालें, तर उपाय सोपा आहे. यंत्रें तीन ठेवावीं आणि दोहोंनीं घेतल्याशिवाय नोंद पक्की मानूं नये. मग कोणतेंही एक बंद पडलें, तरी उरलेल्या दोहोंपैकीं एकाजवळ ती असतेच.

खरी पंचाईत होते ती यंत्र बिघडून एकास एक व दुसऱ्यास दुसरें सांगूं लागलें म्हणजे. विमानांतील संगणकांच्या कामांत अमेरिकेंतील लॅम्पोर्ट, शोस्टाक व पीज यांस ही अडचण भेटली, आणि १९८२ सालीं त्यांनीं ती बायझंटाईन सेनापतींच्या रूपकानें मांडली. आपण आपलेच किल्ले घेऊं.

समजा, विजयदुर्गाहून पूर्णगड व रत्नदुर्ग यांस एकच हुकूम जावयाचा आहे, 'चाल करा' किंवा 'मागें फिरा'. आणि तिघांत एक फितूर आहे. पूर्णगडास हुकूम आला, 'चाल करा'. रत्नदुर्ग कळवितो, 'मला तर मागें फिरण्यास सांगितलें.' आतां रत्नदुर्ग खोटा, कीं विजयदुर्गानेंच दोन हुकूम काढले? पूर्णगडच्या किल्लेदारानें कितीही डोकें खाजविलें, तरी त्यास हें ठरवितां येणार नाहीं. दोन्ही प्रसंगीं त्याच्या हातांतील कागद अगदीं सारखेच.

चौथा जयगड घ्या. मिळालेला हुकूम प्रत्येकानें दुसऱ्या दोघांस कळवावा आणि तीन कागदांतील बहुमतानें चालावें. रत्नदुर्ग फितूर असला, तरी विजयदुर्ग व जयगड यांचे कागद जुळतात. विजयदुर्गच फितूर असला, तरी उरलेल्या तिघांपुढें तेच तीन कागद येऊन तिघांचा निर्णय एकच होतो. एका फितुरास चार, दोघांस सात. त्याहून कमी पुरत नाहींत, हें गणितानें सिद्ध झालें आहे. निरोप वेळेवर पोंचतात, हें मात्र येथें गृहीत आहे. आषाढांत मुचकुंदीच्या मुखाशीं बसलेल्या माणसास तें सहज पटणार नाहीं!

एक सवलत आहे. मराठी राज्यांत पत्राचा मजकूर संपतांच मोर्तब उठवीत, म्हणजे खालीं कोणास ओळ वाढवितां येऊं नये. तसें नक्कल न करतां येणारें मोर्तब निरोपावर असेल, तर तीन किल्लेही पुरतात. रत्नदुर्गास विजयदुर्गाचा खोटा हुकूम दाखवितां येत नाहीं. आणि विजयदुर्गानें दोन हुकूम काढलेच, तर ते शिक्क्यांसह समोरासमोर येऊन बिंग फुटतें. मग दोघांनीं, आधीं ठरल्याप्रमाणें, मागें फिरावें.