सपाट चित्रशैलीचा विवेक

उमरग्याच्या प्राचीन शिवमंदिराचें चलच्चित्र भर दुपारीं घ्यावयाचें म्हटलें, तर बाहेर प्रखर ऊन आणि आंत काळोख असतो. कॅमेऱ्याची नेहमीची चित्रशैली छाया अधिक काळी करते. चित्र तत्काळ उठावदार दिसतें. परंतु छायेंतील कोरीव काम हरपतें, तें मागाहून परत मिळत नाहीं.

यावर उपाय म्हणजे ‘फ्लॅट’ अर्थात् सपाट चित्रशैली होय. टेक्निकलर कंपनीनें कॅननच्या कॅमेऱ्यांसाठीं २०११ सालीं ‘सिनेस्टाइल’ काढिली; निकॉननें २०१४ सालीं डी-८१० मध्यें ‘फ्लॅट’ दिली. हिच्यांत चित्र फिकें दिसतें, पण उजेड व छाया या दोहोंतील बारकावे अधिक टिकतात. उठाव व रंग मागाहून संगणकावर द्यावयाचे असतात.

मात्र अशा बहुतेक कॅमेऱ्यांच्या चलच्चित्रांत प्रत्येक मूळ रंगाच्या फार तर २५६ छटा असतात. सपाट शैली त्या आंखडते. पुढें ताणल्या असतां आकाशांत पट्टे उमटतात. घरचें लग्नकार्य एकदांच होतें, त्याचें चित्रण पुनः घेतां येत नाहीं. म्हणून प्रकाश सौम्य असेल, किंवा संस्काराला वेळ नसेल, तर नेहमीचीच शैली बरी, असें आम्हांस वाटतें.